कॉइल पुन्हा गेली: एकच बदलू, पूर्ण सेट टाकू की आधी प्लग-पॅकिंग बघू?

देवगडहून कोल्हापूरला निघालो की सपाटीवर गाडी गुमान चालायची आणि फोंडा घाटात गचके द्यायची. चढावर लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते व्होल्टेज प्लगला पुरवणारी कॉइल दुबळी असेल तर तिथेच हात टेकते. दीड वर्षात दोन कॉइल बदलल्या. तिसरी गेली तेव्हा कुठे डोकं चालवलं.

पैसे काढण्याआधी एकच गोष्ट बघा: दर वेळी त्याच सिलिंडरची कॉइल जाते का? दर प्लगवर वेगळी कॉइल असेल तर हे घरच्या खळ्यातही तपासता येतं. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ दिसलं म्हणजे मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं) दोन नंबरच्या सिलिंडरला. ती कॉइल तीन नंबरला लावा, तिथली इकडे. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. तो दोनलाच राहिला तर कॉइल बिचारी निर्दोष. प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघा.

एकाच जागी पुन्हा पुन्हा कॉइल जळत असेल तर नुसती नवी कॉइल म्हणजे त्या जागेला नैवेद्य. प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारा. माझ्या गाडीत तिथे तेल होतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळलं की तेलाने कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी प्लगऐवजी बाजूच्या धातूकडे पळते. वर आपला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस: कॉइलच्या वायरच्या कनेक्टरच्या पिना हिरवट दिसल्या तर तो साफ करा, नाहीतर बदला. लाल चिखल निघावा म्हणून इंजिनवर प्रेशरचं पाणी मारून घेणारे हा त्रास विकत घेतात.

कधी एक, कधी चार नंबर, असं फिरत असेल तर कारण सगळ्यांना सामाईक असतं. बहुतेकदा झिजलेले प्लग. ठिणगी पडते तो प्लगच्या टोकांमधला गॅप वाढला की कॉइलवर ताण येतो. साधे निकेलचे प्लग ३० ते ४० हजार किलोमीटर, इरिडियमचे साधारण लाखभर. चालू इंजिनवर बॅटरीचं व्होल्टेजही मोजा. सतत १५ च्या वर असेल तर अल्टरनेटर दाखवा. इंजिनची अर्थिंग गंजली नाही ना, तेही बघा.

मग निवड सोपी होते. पहिल्यांदाच गेली असेल, प्लग आणि खड्डा कोरडे-ठाक असतील, तर एकच कॉइल, पण कंपनीच्या दर्जाची, डुप्लिकेट नको. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत दोन-तीन गेल्या असतील तर सेट पटतो, पण जुन्या प्लगवर नवा सेट बसवणं मला पटत नाही. दुसऱ्यांदा गेलेली असेल तर मी आधी पॅकिंग, प्लग आणि कनेक्टरच घेईन. पॅकिंग स्वस्त असतं, पैसे मजुरीचे जातात.

इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र घाट चढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि त्याच्या किमतीपुढे कॉइलचा अख्खा सेट किरकोळ वाटतो.