पुण्यातून साताऱ्याला, भाड्याच्या सेल्फ ड्राइव्ह गाडीनं : पावसाळा ते उन्हाळा वापरून आलेला अनुभव

घरची गाडी न घेता गरज पडेल तेव्हा सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्यानं घ्यायची, असं आम्ही गेल्या आषाढात ठरवलं. आता चैत्र लागलाय. या काळात आमच्या सुट्ट्यांचा बहुतेक वाटा सातारा आणि त्याच्या भोवतालच्या मुलखात गेला. कधी आम्ही दोघंच, कधी आई आणि मुलगी बरोबर. माझं मत आधीच सांगतो. मराठ्यांची जुनी राजधानी आणि तिच्या आसपासची गावं एकत्र बघायची असतील, तर पुण्याहून साताऱ्यासारखी जागा नाही. आणि तिथं एसटीनं किंवा ड्रायव्हरवाल्या टॅक्सीनं जाण्यापेक्षा स्टिअरिंग आपल्या हातात असलेलं केव्हाही चांगलं.

सातारा का? आम्ही पुण्यातली माणसं शनिवारवाडा बघत मोठी झालो. राज्याची सूत्रं तिथून हलायची असंच मनात पक्कं बसलेलं असतं. पण पेशव्यांना पेशवाईची वस्त्रं द्यायचे ते छत्रपती. 1708 साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, डोंगराच्या पायथ्याला शहर त्यांनीच वसवलं, आणि 1749 मध्ये ते वारल्यावर कारभाराचं वजन खऱ्या अर्थानं पुण्याकडे सरकलं. म्हणजे ज्या काळात मराठी फौजा उत्तरेकडे निघाल्या, त्या काळाची राजधानी आपल्यापासून जेमतेम 115 किलोमीटरवर आहे, आणि आपण मात्र तिला बगल देऊन महाबळेश्वर किंवा कोल्हापूर गाठतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता गाडीचं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या; सेल्फ ड्राइव्ह भाड्यासाठी नोंदलेली गाडी तीच. ओळखीतून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. गाडी छोटी घ्या. आम्ही एकदा मोठी एसयूव्ही आणि बाकी वेळा हॅचबॅक वापरली, आणि लिंब गावातल्या गल्लीत समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की छोट्या गाडीची किंमत कळते. किलोमीटरची मर्यादा असलेलं पॅकेज घेणार असाल तर चारशेच्या खालचं घेऊ नका. जाऊन-येऊन सव्वादोनशे-अडीचशे, कासचे पन्नास, सज्जनगड आणि ठोसेघरच्या धबधब्याचे आणखी तेवढेच, आणि येताना वाईवरून वळसा घेतला की हिशोब तिथवर जातोच. वरच्या प्रत्येक किलोमीटरला ज्यादा दर लागतो.

रस्ता सरळ आहे. खेड शिवापूरचा टोल, मग शिरवळ, मग खंबाटकी. साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो आणि येताना बोगद्यातून यावं लागतं, हे नवख्यांनी लक्षात ठेवावं. चढताना लोड भरलेले ट्रक पहिल्या गिअरवर रांगत असतात. त्यांच्या मागं अंतर ठेवून शांतपणे जायचं. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर वळण आहे, तिथं आधीच गिअर उतरवून घ्या, नुसत्या ब्रेकवर राहू नका.

शहरात पोचल्यावर गाडी मुक्कामाच्या जागी लावून टाका. राजवाड्याच्या भोवतालचं गाव पायीच बघायचं. जुन्या राजवाड्यात भरणारी सरकारी शाळा, म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल, तिथं 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये लागलं. छत्रपतींच्या वाड्यात ही शाळा भरत होती, हे मुलीला सांगितल्यावर ती बराच वेळ तिथून हलली नाही. पेढेवाल्यांच्या रांगेत कंदी पेढे घ्या. ताजे, किंचित करपट वासाचे.

अजिंक्यतारा मात्र गाडीनं. दरवाजाजवळपर्यंत डांबरी रस्ता आहे. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः या किल्ल्याखाली येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला एप्रिल 1700 पर्यंत झुंजवला, आणि मधल्या मार्चमध्ये तिकडं सिंहगडावर राजाराम महाराज वारले. इथं माझा आग्रह एवढाच की वर सकाळी लवकर जा आणि घाई करू नका. एका बाजूला सज्जनगड, समोर यवतेश्वरचा डोंगर, दुसरीकडे जरंडा, लांबवर चंदन-वंदन. खाली गाव, आणि गावाला बगल देऊन कृष्णेकडे निघालेली वेण्णा. ही जागा राजधानीसाठी का निवडली ते इथं उभं राहिलं की न सांगता कळतं, आणि पुढं कुठल्या रस्त्यानं जायचं तेही दिसतं.

लिंबची बारामोटेची विहीर ही या सगळ्यातली माझी सर्वांत आवडती जागा. हायवे सोडला की रस्ता उसातून जातो, पाटी चुकायची शक्यता आहे, गावात विचारावं. आम्ही वळणावर थांबलो तर पारावरचे आजोबा म्हणाले, "दादा, गाडी हितंच लावा, म्होरं वळायला जागा न्हाई. चालत जावा, दोन मिंटाचं हाय." त्यांचं ऐकलं ते बरं झालं. वरून बघितली तर विहीर शिवलिंगाच्या आकाराची. शाहू महाराजांच्या काळात, शके 1641 ते 1646 या वर्षांत त्यांच्या वाड्यातल्या वीरूबाईंनी बांधून घेतली. शिलालेख आत आहे. पायऱ्या उतरल्यावर थंडावा एकदम अंगावर येतो, आणि मग लक्षात येतं की विहिरीच्या पोटातच महाल आहे. खांबांवर हत्ती, घोडेस्वार, फुलं. महालाच्या झरोक्यातून खाली हिरवट पाणी दिसतं. वर आलात की मोटा ओढायच्या जागा बघा. बारा मोटा एका वेळी चालतील अशी ही बांधणी, खालच्या आमराईला पाणी पाजण्यासाठी. बसायला महाल आणि शेताला पाणी एकाच दगडी कामात साधलंय. आईनं तिथल्या दगडावरून हात फिरवला आणि तिच्या माहेरच्या मोटेचं सगळं सांगायला बसली. टॅक्सी असती तर ड्रायव्हरनं हॉर्न दिला असता.

कास पठाराबद्दल पुष्कळांना माहीत आहे. भाद्रपदात तेरडा, सीतेची आसवं, गेंद या फुलांचे गालिचे असतात, 2012 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, हंगामात ऑनलाइन बुकिंग लागतं. शनिवार-रविवार टाळा. मला त्याहून कासच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटाबद्दल सांगायचंय. पावसाळ्यात तिथं धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. लो बीम लावा, हाय बीमनं समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. काच खाली करून कानानं गाडी चालवायची वेळ येते. भाड्याच्या गाडीचे वायपर निघण्याआधी पाणी मारून तपासा, हे मी प्रत्येकाला सांगतो. पठाराच्या पुढं कास तलाव आहे, ज्याचं पाणी साताऱ्याला येतं. फुलांची गर्दी संपल्यावर, कार्तिकात, तिथं जाण्यात जास्त सुख आहे.

सज्जनगडावर दुपारच्या प्रसादाच्या वेळेला पोचा. गव्हाची खीर मिळाली तर पोटभर खा. वरच्या पायऱ्या आईला जमल्या, थांबत थांबत.

परतीला सुरूरवरून वाई आणि तिथून मेणवली करावी. नाना फडणवीसांचा वाडा, मागं कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळीत टांगलेली घंटा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली ती. समुद्रकाठच्या लढाईची ही खूण कृष्णेच्या काठी येऊन थांबली आहे. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला मात्र उन्हाळ्यात जा. कृष्णा-वेण्णेच्या पात्रात पाणी कमी असतं, आणि विश्वेश्वराच्या देवळाखालचा घाट पायरीपायरीनं उघडा होतो. राजघराण्यातल्या समाध्या इथंच आहेत. शाहू महाराजांचा जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात. या जागेची निगा आणखी चांगली राखायला हवी, असं तिथला कचरा बघून दर वेळी वाटलं.

एक तक्रार आहे ती भाड्यानं देणाऱ्यांबद्दल. एका फेरीनंतर बंपरवरचा जुना ओरखडा आमच्या नावावर टाकला आणि डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापली. निघताना काढलेला व्हिडिओ होता म्हणून आठवडाभर पाठपुरावा करून पैसे परत मिळाले. तेव्हा गाडी ताब्यात घेताना चारी बाजू, काच, चाकांच्या रिम, स्टेपनी, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा हे सगळं दिवसाउजेडी चित्रित करा, आणि देणाऱ्या माणसाला व्हिडिओत उभं करा. फास्टॅगमध्ये शिल्लक किती, तेही तिथंच विचारा. टोलच्या रांगेत मागचे हॉर्न वाजवायला लागल्यावर विचारून उपयोग नसतो. टाकी ज्या काट्यावर मिळाली त्याच काट्यावर परत द्यायची, त्यासाठी पुण्यात शिरण्याआधी हायवेवरच्या पंपावर भरून घ्या आणि पावती जपून ठेवा.