रझूक टॅटू, जेरुसलेम : मनगटावरच्या क्रुसाला सात वर्षे झाल्यावर

टॅटूच्या दुकानाविषयी लोक बहुधा त्याच संध्याकाळी लिहितात, म्हणजे कातडी अजून लालसर असते आणि रेघा कोऱ्या करकरीत दिसत असतात तेव्हा. गोंदलेल्या कामाची पारख मात्र काही पावसाळे गेल्याशिवाय होत नाही, म्हणून मी थांबले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये वसईहून आम्ही चाळीस जण आमच्या धर्मगुरूंसोबत पवित्र भूमीच्या यात्रेला गेलो होतो. त्या यात्रेत जेरुसलेमच्या जुन्या शहरातील रझूक कुटुंबाच्या दुकानात मी उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला क्रूस गोंदवून घेतला.

याफा दरवाजातून आत शिरून डावीकडच्या दगडी गल्ल्यांत वळले की ख्रिस्ती वस्तीत हे दुकान लागते. तेथून पवित्र कबरीचे चर्च, म्हणजे येशूला जेथे पुरले असे मानतात ते स्थान, चालत काही मिनिटांवर आहे, आणि या दुकानाचे सारे प्रयोजन त्या अंतरातच सामावलेले आहे. जेरुसलेमला आलेल्या यात्रेकरूने परत जाताना अंगावर खूण घेऊन जायची, ही प्रथा कित्येक शतकांची आहे. रझूक हे मूळचे इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती. कॉप्टिक लोकांत आजही लहान मुलांच्या मनगटावर बारीकसा क्रूस गोंदतात, कारण अल्पसंख्य म्हणून जगताना तीच त्यांची ओळख ठरली आणि चर्चच्या दारात तीच दाखवली गेली. हे कुटुंब आपली परंपरा सातशे वर्षांची सांगते. ती इजिप्तमध्ये सुरू झाली आणि पुढे त्यांचे पूर्वज जेरुसलेमला स्थायिक झाले. ब्रिटनचे युवराज एडवर्ड, म्हणजे पुढचे राजे सातवे एडवर्ड, यांनी १८६२ मध्ये जेरुसलेमच्या भेटीत हातावर क्रूस गोंदवून घेतला होता आणि वीस वर्षांनी त्यांच्या मुलानेही तेथेच तसे केले. राजपुत्र आणि पायी आलेला गरीब यात्रेकरू, दोघांच्याही कातडीवर एकच नक्षी उतरावी, हे मला फार मोलाचे वाटते.

ती नक्षी एकच राहते याचे कारण ठसे. जैतुनाच्या लाकडात कोरलेले जुने ठसे या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत. जॉन कार्सवेल या अभ्यासकाने १९५० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून पुस्तक सिद्ध केले, त्यामुळे जगाला या ठशांची नीट ओळख झाली. मी निवडलेला ठसा तळहातावर मावेल एवढा होता. त्याच्या कडा वर्षानुवर्षांच्या हाताळणीने गुळगुळीत झाल्या होत्या, कोरीव रेघांच्या खोबणींत शाई मुरून लाकूड काळेभोर पडले होते आणि उलट बाजूला बोटे टेकतात तेथे मात्र त्याचा मूळचा मधासारखा रंग शिल्लक होता. मध्ये मोठा क्रूस आणि चार कोपऱ्यांत चार छोटे क्रूस, असा तो जेरुसलेमचा क्रूस. या पाच क्रुसांत ख्रिस्ताच्या पाच जखमा पाहण्याची रीत आहे.

ठशाला शाई लावून तो मनगटावर दाबला गेला, उमटलेली आकृती मी नीट पाहून होकार दिला आणि मगच सुई लागली. सुया माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढल्या होत्या आणि हातमोजे मध्ये एकदा बदलले गेले. काम विजेच्या यंत्राने होते. असे यंत्र १८९१ मध्ये न्यू यॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी पेटंट केले, आणि रझूक कुटुंबात याकूब रझूक यांनी ते पहिल्यांदा वापरले तेव्हा ते मोटारीच्या बॅटरीवर चालवले होते. अर्ध्या तासात माझे काम झाले. दुखले, पण सोसवेल इतकेच. हाडाजवळ थोडे अधिक.

सुई चालू असताना मला आमच्या शेजारच्या कोळी आजींची आठवण येत होती. त्यांच्या हातावर तुळस गोंदलेली होती आणि हनुवटीवर तीन ठिपके होते. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून, काजळात बुडवून गोंदणारणीने ते कसे टोचले, हे त्या आम्हा मुलांना रंगवून सांगत. ‘‘बाय, सोनं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं,’’ असे त्या म्हणत. वसईतल्या त्या आजींना ठाऊक असलेली गोष्ट जेरुसलेममधल्या या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच मी हे दुकान इतर दुकानांच्या ओळीत ठेवणार नाही. येथे आधुनिक पद्धतीची चित्रेही काढतात. ज्यांना केवळ आपल्यासाठी रेखाटलेले नवे चित्र हवे आहे, त्यांनी ते जरूर काढून घ्यावे. मात्र तसे काम आज मुंबई-पुण्यातही उत्तम होते. एवढ्या लांब जाऊन घ्यावा तो ठसाच, कारण तीच आकृती आपल्याआधी कुणाकुणाच्या हातावर उमटून गेली आहे.

आमच्यापैकी दोघींनी बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील २८ व्या वचनाचा दाखला देऊन गोंदवून घेण्याचे टाळले. तेथे मृतांसाठी अंग कापून घेण्याला आणि गोंदण्याला मनाई आहे. आमच्या धर्मगुरूंनी आडकाठी केली नाही आणि निर्णय प्रत्येकावर सोडला, तेच मला योग्य वाटले.

आता सात वर्षांनंतरची स्थिती सांगते. काळा रंग काळाच आहे, हिरवट पडलेला नाही. मोठ्या क्रुसाच्या कडा स्पष्ट आहेत. चार छोट्या क्रुसांच्या रेघा मात्र किंचित जाड झाल्या आहेत, आणि याचा दोष मी कारागिराला देत नाही. शाई कातडीच्या वरच्या थराखाली, झडून न जाणाऱ्या थरात बसते, तेथील संरक्षक पेशी तिचे कण गिळून ठेवतात आणि त्या पेशी मेल्या की नव्या पेशी तेच कण उचलतात. या देवाणघेवाणीत रेघ थोडी पसरणारच. म्हणून फार लहान आकाराचा आग्रह धरू नये. मला जरा मोठा ठसा घेण्याचा सल्ला तेथे मिळाला होता आणि तो मी मानला, याचे आज समाधान वाटते.

तक्रार आहे ती आमच्या यात्रा कंपनीबद्दल. जुन्या शहरात मोकळे असे दोनच तास दिले होते, आणि दुसऱ्याच दिवशी मृत समुद्राची सहल होती. ताजे गोंदण म्हणजे उघडी जखम असते. समुद्राच्या कितीतरी पट खारट असलेल्या त्या पाण्यात ती बुडवणे शक्यच नव्हते, त्यामुळे बाकीचे तरंगत असताना मी काठावर हात उंच धरून बसले. यार्देन नदीतही मनगट कोरडे ठेवावे लागले. ज्यांना गोंदवून घ्यायचे आहे त्यांनी ते यात्रेच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावे, दर आधी विचारून घ्यावा आणि निघण्यापूर्वीच वेळ ठरवावी, विशेषतः ईस्टरच्या आसपास जाणाऱ्यांनी. परतल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. आमच्या पॅरिशच्या शिबिरात त्या वर्षी मला प्रथमच परत पाठवले गेले.

क्रुसाच्या खाली ‘२०१८’ असे वर्ष घालून घेतले आहे. त्याखाली बोटभर जागा मोकळी ठेवण्यास मी सांगितले होते. पुन्हा जाणे झाले, तर दुसरे वर्ष मी तेथे त्याच दुकानात घालून घेणार आहे.