सदाशिव पेठेतली लेखन कार्यशाळा : सहा शनिवारांनंतर

पेरूगेटाजवळच्या एका वाड्यात, वरच्या मजल्यावर भरते. बारा जण, सतरंजीवर बैठक, मोबाईल दाराशी ठेवायचा.

पहिल्याच दिवशी मी वाचलं, ‘आईच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले.’ बाईंनी विचारलं, “तेव्हा तिच्या हातात काय होतं?” मटकी होती. ती निवडत होती आणि सापडलेले खडे परत मटकीतच टाकत होती. तेवढंच लिहिलं, अश्रू खोडले. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. फीचे पैसे माझ्यापुरते तिथेच वसूल झाले.

घरचा अभ्यास म्हणजे रोज पहाटे हाताने एक पान. खोडाखोड चालेल, पण पान फाडायचं नाही. मग मोठ्याने वाचायचं, श्वास अडकेल तिथे वाक्य तोडायचं. आता चहाआधी वही उघडली नाही तर मला दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

शुद्धलेखन मात्र एका तासात उरकलं, हे मनापासून खटकलं. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व का, हे नीट समजायलाच तासभर लागतो. त्याला एक पूर्ण शनिवार द्यायला हवा.

जिना अंधारा आहे, सांभाळून चढा.