1969 ची मस्टँग मॅक 1 की कॅमेरो एसएस? अनरिस्टोअर्ड गाडी घेताना मागितलेली किंमत कितपत खरी

फोर्डची मस्टँग मॅक 1 आणि शेवरलेची कॅमेरो एसएस, दोन्ही गाड्या 1969 च्या, दोन्ही व्ही8 (आठ सिलिंडरच्या), दोघींवर म्हणे मूळ रंग, आणि समजा दोघींचे मालक सारखेच पैसे मागतायत. माझं मत आधीच सांगून टाकतो, कागद नसतील तर डोळे झाकून मॅक 1 कडे वळा, आणि कॅमेरोचे कागद असतील तर मात्र जरा थांबा, कारण मग हिशोब उलटू शकतो.

अनरिस्टोअर्ड म्हणजे नुसती पडीक गाडी नव्हे. शेडमध्ये वीस-तीस वर्षं धूळ खात पडली, उंदरांनी सीट कुरतडली, इंजिन जाम, तर तो प्रोजेक्ट झाला आणि त्याचे प्रोजेक्टचेच पैसे द्यायचे. जास्तीचा भाव कशाचा, तर फॅक्टरीतून निघताना जो रंग, जे पत्रे, जे इंजिन, जी सीटकव्हरं होती ती अजून तशीच असण्याचा. म्हणजे तुम्ही दोन गोष्टी विकत घेताय, एक पत्रा आणि दुसरा पुरावा. पत्रा डोळ्यांना दिसतो, पुरावा शोधावा लागतो, आणि या दोन गाड्यांत खरा फरक पुराव्याचाच आहे.

मस्टँगचा नंबर बराच बोलतो. डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, 9टी02एम असा सुरू झाला तर 9 म्हणजे 1969, टी म्हणजे मेटचन प्लांट, 02 म्हणजे फास्टबॅक (छत मागे उतरत जाणारी बॉडी), आणि एम म्हणजे चार बॅरल कार्ब्युरेटरचं 351 क्युबिक इंचाचं इंजिन, 290 हॉर्सपॉवरवालं. एम च्या जागी एच असेल तर तेच 351 पण दोन बॅरलचं, 250 हॉर्सपॉवर. एस म्हणजे 390. क्यू किंवा आर दिसला तर 428 कोब्रा जेट, तिथे भाव एकदम वेगळ्याच पातळीवर जातो. (तो मेटचन प्लांट म्हणजे आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनमधला, रूट 1 वरचा, 2004 ला बंद झाला. इथे राहणाऱ्या मराठी माणसाला टी वाली मस्टँग बघून भारी वाटणं साहजिक आहे, पण त्या टी साठी एक डॉलरही जास्त देऊ नका.)

एक खाच आहे. 1969 च्या व्हीआयएनमध्ये साधी फास्टबॅक आणि मॅक 1 दोन्ही 02 च असतात, मॅक 1 ला वेगळा 05 आकडा 1970 पासून मिळाला. त्यामुळे ड्रायव्हरच्या दाराच्या कडेची प्लेट बघायची, तिथे बॉडी कोड 63सी असेल तर मॅक 1. आता दार बदललेलं असेल किंवा प्लेट नवीन छापून लावलेली असेल तर काय, तर त्यासाठी मार्टी रिपोर्ट आहे. केव्हिन मार्टींकडे 1967 पासूनच्या फोर्डचा फॅक्टरीचा डेटा आहे, व्हीआयएन दिला आणि थोडे डॉलर भरले की गाडी कुठल्या रंगात, कुठल्या गिअरबॉक्सवर, कुठल्या डीलरसाठी बनली ते सगळं छापून येतं. गाडी बघायला जायच्या आधीच घरबसल्या हे होतं, म्हणजे अर्धा पुरावा विकणाऱ्याच्या तोंडावर अवलंबूनच नाही.

कॅमेरोचं तसं नाही. 124379एन म्हणजे शेवरले, व्ही8 कॅमेरो, कूपे, 1969, नॉरवूड ओहायो, बस्स. साधी 307 वाली गाडी आणि 396 वाली एसएस, दोघींची सुरुवात हीच. एसएस हे ऑप्शन पॅकेज होतं, व्हीआयएनमध्ये त्याचा पत्ताच नाही, आणि फोर्डसारखा डेटाही मिळत नाही (गाडी मुळात कॅनडात विकलेली असेल तर गोष्ट वेगळी, तिथले जीएमचे, म्हणजे शेवरलेच्या मूळ कंपनीचे, रेकॉर्ड मिळतात). म्हणून तर बाजारात नकली एसएस ढिगाने आहेत, बॅज आणि हुड लावायला कितीसा वेळ लागतो.

फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरच्या) ट्रिम टॅगवर, म्हणजे रंग-सीटचे कोड असलेल्या छोट्या प्लेटवर, नॉरवूडच्या गाड्यांना डिसेंबर 1968 पासून पॅकेजचा अंदाज देणारा एक्स कोड येतो आणि तो बरीच मदत करतो, पण लॉस एंजेलिसला बनलेल्या गाड्यांच्या टॅगवर तो नसतोच. गंमत बघा, कॅलिफोर्नियाची गाडी म्हणजे कोरड्या हवेतली, पत्रा चांगला असण्याची शक्यता जास्त, आणि तिचाच टॅग मुका!

मग उरतं इंजिन. समोर उभं राहून बघितलं तर पॅसेंजरच्या बाजूच्या हेडच्या पुढच्या टोकाशी ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात. तिथे टी0314 आणि पुढे दोन अक्षरं असं काहीतरी ठोकलेलं असतं, टी म्हणजे टोनावांडा प्लांट, 0314 म्हणजे 14 मार्चला इंजिन जुळवलं, शेवटची अक्षरं कुठलं इंजिन ते सांगतात. शेजारी किंवा ऑइल फिल्टरजवळ गाडीच्या व्हीआयएनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो, तो डॅशवरच्या नंबरशी जुळला पाहिजे. तारखांचा क्रमही बघायचा, आधी ब्लॉक ओतल्याची तारीख, मग इंजिन जुळवल्याची, मग ट्रिम टॅगवरची बॉडीची. टॅगवर 03सी म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा असेल आणि इंजिन एप्रिलच्या शेवटी जुळवलेलं असेल तर ते इंजिन या गाडीचं नाही, मालक काहीही सांगो. आणि पॅडवर टॉर्च तिरकी मारा, फॅक्टरीच्या मशीनच्या बारीक समांतर रेषा दिसल्या पाहिजेत. पॅड गुळगुळीत आणि आकडे मात्र ताजे टोकदार, म्हणजे कोणीतरी घासून परत ठोकलेत.

12 बोल्टचा मागचा अ‍ॅक्सल आणि पुढे डिस्क ब्रेक हे एसएसला असायलाच हवेत, पण असले म्हणून एसएस सिद्ध होत नाही, नसले तर मात्र संशय पक्का. खरा दागिना म्हणजे वॉरंटीच्या पुस्तकातली ती छोटी धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, जिच्यावर इंजिन आणि अ‍ॅक्सलचे कोड उमटवलेले असतात, किंवा पेट्रोल टाकीच्या वर अडकून राहिलेली बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याचा फॅक्टरीचा कागद. यातलं एक जरी मिळालं आणि पॅडशी जुळलं तर माझ्या मते अशी 396 वाली कॅमेरो 351 वाल्या मॅक 1 पेक्षा सरळ सरळ जास्त पैशांची.

पत्र्याच्या बाबतीत मात्र मस्टँग जास्त दगा देते. काचेच्या खाली हवा आत घेणारी जी जाळी असते, त्या काउलमध्ये आतून गंज लागतो आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मालकाला विचारून त्या जाळीत बाटलीभर पाणी ओता आणि आत पायाशी कार्पेट उचलून बघा, पाणी टपकलं तर काउल गेला. दुरुस्तीसाठी ढीगभर स्पॉट वेल्ड उघडावे लागतात आणि ते केलं की पुढच्या भागाचा मूळ रंगही गेला, म्हणजे ज्याच्यासाठी जास्त पैसे दिले तेच हातचं गेलं. पुढचे शॉक टॉवर (पुढच्या सस्पेन्शनचा भार घेणारे) आणि दाराखालचे टॉर्क बॉक्स (बॉडीला मजबुती देणारे) हेही बघा. कॅमेरोत मागच्या काचेभोवती आणि व्हिनाइल छत असेल तर त्याच्याखाली, डिकीत, मागच्या चाकांवरच्या पत्र्यात गंज शोधायचा.

रंगाच्या थराची जाडी मोजणारा मीटर दोघींना लावा. फॅक्टरीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन, कुठे 300-400 दाखवला तर वर दुसरा रंग, आणि हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी. जीएमचा लॅकर होता, जुना झाला की त्यात बारीक तडे दिसतात, फोर्डचा एनॅमल, तो खडूसारखा पांढुरका पडतो. हे दोष दिसले तर चांगलंच, पंचावन्न वर्षांचा रंग आरशासारखा असेल तर तो पंचावन्न वर्षांचा नाही.

भाव ठरवताना जुन्या गाड्यांचे भाव देणाऱ्या हॅगर्टीच्या यादीतले अवस्थेचे 1 ते 4 नंबर वापरा (1 म्हणजे सगळ्यात उत्तम), अनरिस्टोअर्ड गाडी दिसायला बहुतेक 3 किंवा 4 मध्येच बसते. तिथून सुरुवात करायची आणि जेवढं सिद्ध झालं तेवढंच वर चढवायचं. मालक हमखास सांगेल की ‘बुलिट’ सिनेमातली, हॉलिवूडच्या स्टीव्ह मॅकक्वीनने चालवलेली 1968 ची मस्टँग जानेवारी 2020 ला फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात गंजक्या अवस्थेत 34 लाख डॉलरच्या बोलीला गेली. खरंय, पण ते पैसे मॅकक्वीनचे होते, गंजाचे नव्हते. कॅमेरोला कागद नसतील तर तिला चांगली व्ही8 कूपे समजून भाव करा, एसएसचा एक पैसा धरू नका, मालक नाही म्हणाला तर निघा, त्या वर्षी एकूण दोन लाखांवर कॅमेरो बनल्यात, दुसरी मिळेल.

जायच्या आधी मस्टँगवाल्याकडून व्हीआयएन आणि दाराच्या प्लेटचा फोटो मागवून मार्टी रिपोर्ट काढा. कॅमेरोवाल्याकडून पॅडचा फोटो मागवा, आणि पॅड पुसायला ब्रेक क्लीनर आणि चिंधी वापरा असं बजावून सांगा, सँडपेपर लावला तर त्या रेषा तिथेच संपल्या.