विद्यापीठ बदलण्याविषयीचा सल्ला : पुण्यातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

१९४९ साली स्थापन झालेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयातून मुलीला लहान खासगी विद्यापीठात न्यावे का, हे ठरवण्यासाठी आम्ही कर्वे रस्त्यावरील एका समुपदेशन केंद्रात गेलो. तेथील बाईंनी छोट्या वर्गांचे कौतुक ऐकवण्याऐवजी आधी तिची गुणपत्रके मागितली. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी डिजिटल खात्यात श्रेयांक (अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळणारे क्रेडिट) जमा असले, तरी त्यांतील किती ग्राह्य धरायचे हे नवे विद्यापीठच ठरवते, त्यामुळे त्या विद्यापीठाचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय जुने विद्यापीठ सोडताना घ्यायच्या स्थलांतर प्रमाणपत्रासाठी अर्ज करू नये, असे त्यांनी स्पष्ट बजावले. केंद्रात सल्ल्याचे शुल्क मात्र आगाऊ घेतात आणि पावती मागावी लागते, हे आमच्या यजमानांना खटकलेच. वसतिगृहाच्या खर्चाविषयी फारसे कळले नाही. लेखी उत्तराची आम्ही अजून वाट पाहत आहोत.