केबलचा बॉक्स की फ्री डिश?

जुळे सोलापुरात अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर केबल सोयीची. मात्र बॉक्स विकत की अनामतीवर, ते पावतीवर लिहून घ्या. जोडणी बंद करताना वाद तिथेच होतो. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स, म्हणजे दरमहा दुसरं बिल. गल्लीतल्या अॅम्प्लिफायरची वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही पडदा निळाच!

डीडी फ्री डिशला, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेला, एकदाच खर्च: डिश, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स, वायर. मासिक शुल्क शून्य, पण पे चॅनल मिळत नाहीत. डिशचं तोंड आग्नेयेला, जीसॅट-१५ उपग्रहाकडे. समोर टाकी नको. गच्चीवरचा एफ-कनेक्टर (वायरच्या टोकाचा जोड) टेपने नीट गुंडाळा. आत पाणी शिरलं की तांबं गंजतं आणि बिचाऱ्या बॉक्सला दोष लागतो.