वॉर्डातला टॅबलेट, रुग्णाचा मोबाईल की मनगटी पट्टा?

मानसोपचार वॉर्डातल्या रुग्णांच्या लक्षणांची नोंद मोबाईलसारख्या यंत्रावर घ्यायची म्हटलं की विक्रेते आधी रंगीत आलेख दाखवतात. ते पाहण्यापूर्वी एक ठरवा. ‘मरण आलं तर बरं, असं वाटतं का?’ या प्रश्नाला रात्री अकरा वाजता एखाद्याने ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं, तर ते ड्यूटीवरचं कोण बघणार? त्या माणसाचं नाव सांगता येत नसेल, तर तूर्त केसपेपरच बरा.

झोप आणि पावलं मोजणारा मनगटी पट्टा दिसतो आकर्षक, पण दाखल रुग्णांसाठी मला तो सगळ्यात कमकुवत वाटतो. वॉर्डात दिवे ठरल्या वेळी बंद होतात, झोपेची गोळी दिलेली असते, फिरायला एक व्हरांडा. मग झोप आणि पावलं आजाराबद्दल सांगणार किती? शिवाय डोळे मिटून पडलेल्या माणसाला पट्टा झोपलेला समजू शकतो. कोणी सारखा येरझाऱ्या घालतोय, तर ते उन्मादामुळे (मेनिया) की सायकोसिसवरच्या, म्हणजे भास-भ्रमांवरच्या, औषधाने होणाऱ्या अस्वस्थतेमुळे? पहिल्यात औषध वाढवावं लागेल, दुसऱ्यात बहुधा कमी करावं किंवा बदलावं लागेल. पट्ट्याला दोन्ही सारखेच. आणि ‘माझ्यावर पाळत आहे’ असा संशय ज्याला आहे, त्याच्या मनगटावर यंत्र बांधणं म्हणजे त्या संशयाला पुरावा देणं.

रुग्णाचा स्वतःचा मोबाईल ओळखीचा, खर्चही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम २६ने दाखल रुग्णाला वाजवी वेळी फोन करण्या-घेण्याचा हक्क दिला आहे. मात्र चार्जरची वायर वॉर्डात धोक्याची, म्हणून बरेच ठिकाणी फोन काउंटरवरच राहतो. अशा फोनवर दिवसातून तीनदा प्रश्न पाठवून काय उपयोग?

माझं मत सिस्टरांच्या हातातल्या टॅबलेटला. वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवता येतो, उत्तर देताना त्याचा चेहरा दिसतो. फक्त त्यात रोज पीएचक्यू-९ भरून घेऊ नका. ती नैराश्य मोजणारी ९ प्रश्नांची, २७ गुणांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. चार दिवसांपूर्वी दाखल झालेला माणूस त्यात बहुतेक घरचेच दिवस सांगणार. रोजसाठी झोप, भीती, आवाज ऐकू येणं, स्वतःला इजा करण्याचे विचार एवढे प्रश्न पुरे. तरीही ‘बरं आहे’ म्हटलं की घरी सोडतात, हे रुग्ण लवकर ओळखतात. म्हणून राऊंडला पर्याय नाही.

डिस्चार्जनंतर चित्र पालटतं. पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने जास्त जोखमीचे, आणि तिथे रुग्णाचाच मोबाईल कामाचा. अपेक्षा मात्र बेताची ठेवा: डेन्मार्कमध्ये बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य येणाऱ्या) रुग्णांवर झालेल्या ‘मोनार्का’ चाचणीत (निष्कर्ष २०१५) रोजच्या मोबाईल-नोंदीने लक्षणांत लक्षणीय फरक पडला नाही, उलट नैराश्याची लक्षणं जास्त टिकल्याचे संकेत होते. तेव्हा ॲप डिस्चार्जच्या आधीच सिस्टरांसमोर सुरू करून द्या, नोंदी कोण आणि कधी वाचणार ते सांगा, आणि घरच्यांना त्यातलं काय दिसावं हे रुग्णालाच विचारा.